दोन डॉक्टर तिरोडकर

“बदक हा प्राणी संशोधनाच्या लायकीचा नाही,” तिरोडकर सर म्हणाले. “त्याच्या चालण्यातच गांभीर्य नाही.”

मी टाइप करायला लागले.

“हे नको लिहूस गं! हे मी तुला सांगतोय.”

खिडकीबाहेरून बदकांची रांग चालली होती. सर्वांत पुढे एक जाडजूड नर, मान ताठ, जणू तपासणीला निघालेला. रांगेच्या शेवटी हातात बादली घेऊन तिरोडकर मॅडम. सरांनी खुर्ची खिडकीकडे पाठ होईल अशी फिरवली आणि पुढचं सांगायला सुरुवात केली. “हं, लिही. अझोला ही पाण्यावर तरंगणारी, नेच्याच्या जातीची वनस्पती हवेतला नत्र धरून ठेवते...”

सर गेले की मी त्यांची फ्लॉपी काढून ड्रॉवरमध्ये ठेवायची आणि दुसरी, लाल लेबलाची फ्लॉपी घालायची. ती मॅडमची. केंद्रात संगणक एकच होता आणि तो चालवणारीही मी एकटीच.

“गेले का?” मॅडम दारातून विचारत.

“गेले.”

“काय म्हणत होते?”

“काही नाही.”

“बदकांबद्दल काही बोलले असतील तर मला सांगू नकोस. मला ऐकायचंसुद्धा नाही.” त्या खुर्चीत बसत, पदराने घाम पुसत आणि मग पुढे वाकून म्हणत, “काय बोलले?”

ही गोष्ट माझ्या पहिल्या नोकरीतली. कोकणात खाडीच्या काठाला आमचं छोटंसं भात संशोधन केंद्र होतं. मी तिथे कंत्राटावर संशोधन सहायक. सर आणि मॅडम दोघेही शास्त्रज्ञ, दोघेही डॉक्टरेट आणि एकमेकांचे नवरा-बायको. पूर्वी दोघे मिळून काम करायचे. शोधनिबंध दोघांच्या नावाने छापून यायचे, सरांचं नाव आधी, मॅडमचं नंतर. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नव्हतं. मॅडमसुद्धा.

मग त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पुण्याला एक परिषद झाली. सूत्रसंचालकाने व्यासपीठावरून सांगितलं, “आता आपल्यासमोर येत आहेत डॉक्टर तिरोडकर आणि सौ. तिरोडकर.” सर उठले, नमस्कार केला, भाषण केलं. सौ. तिरोडकर त्यांच्या शेजारी बसून तक्ते दाखवत राहिल्या. ते तक्ते, त्यातले आकडे आणि त्यामागचं चार पावसाळ्यांचं काम मॅडमचं होतं.

परतीच्या एसटीत मॅडम एवढंच म्हणाल्या, “तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?”

सर म्हणाले, “अगं, लोकांना कळतंच की.”

कणकवली येईपर्यंत मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. हे मला त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीतून चाळीसेक बदकं आणली आणि सरांच्या प्रयोगाला लागून असलेल्या वाफ्यांत स्वतंत्र प्रयोग सुरू केला. भाताच्या रोपांत बदकं सोडायची. ती तण खातात, किडे टिपतात, पायांनी चिखल ढवळतात आणि खतही घालतात. ना तणनाशक, ना कीटकनाशक. त्यांनी दोन्ही प्रयोगांमध्ये जाळीचं कुंपण घालून घेतलं. मध्ये एक फाटक होतं, ते कडी लावून बंद.

नेमकं त्याच वर्षी एका मोठ्या निधीने शाश्वत शेतीच्या संशोधनाला आणि शिक्षणाला अनुदान जाहीर केलं. संशोधन करा आणि जोडीला आसपासच्या गावांतल्या मुलींना शेतीचं शिक्षण द्या, अशी योजना. आमच्या केंद्राला त्याची निकड होती. वरच्यांनी आम्हाला दुसऱ्या केंद्रात विलीन करायचं मनावर घेतलं होतं. तसं झालं असतं तर माझं कंत्राट गेलं असतं, शेतावर काम करणाऱ्या बायका गेल्या असत्या आणि सर-मॅडमची बदली बहुधा दोन टोकांना झाली असती. त्या दिवसांत ते त्यांना आवडलं असतं की नाही, मी सांगू शकत नाही.

दोघांनीही अर्ज करायचं ठरवलं. वेगवेगळा.

मला दोघांनीही शपथ घातली होती. सरांचं मॅडमना सांगायचं नाही आणि मॅडमचं सरांना. मी ती पाळत होते, पण मला फार त्रास होत होता. त्रास हसण्याचा. कारण सरांच्या प्रस्तावात शेवटच्या पानावर अडचण लिहिली होती ती अशी, की अझोला फार भराभर वाढतो, दाट होतो, रोपांना गुदमरवतो आणि तो काढायला मजूर लागतात. मॅडमच्या प्रस्तावातली अडचण अशी, की बदकांना खाद्य विकत आणावं लागतं आणि ते परवडत नाही. पाण्यात वाढणारा एखादा स्वस्त हिरवा चारा मिळाला तर बरं.

मी एकटीच खोलीत बसून दोन्ही वाचायची आणि तोंडावर रुमाल धरायची. एकदा राहवलं नाही.

“सर,” मी म्हटलं, “अझोला जास्त झाला, तर तो खाणारं एखादं जनावर...”

“वैजयंती,” सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “तुझ्या डोक्यात जे जनावर आहे, त्याचं नाव या खोलीत घ्यायचं नाही.”

मग मी मॅडमकडे गेले. “मॅडम, चाऱ्यासाठी अझोला...”

“वैजू, एकदा माझ्या प्रस्तावात त्यांचं शेवाळ आलं, की वर नावही त्यांचंच येईल. समजलं ना?”

समजलं होतं.

दुपारच्या डब्याची तर वेगळीच कथा. घरी एकाच चुलीवर शिजलेलं जेवण दोन डब्यांत भरून यायचं आणि दोघे एकाच टेबलाच्या दोन कडांना बसून जेवायचे. मध्ये मी. “वैजू, सरांना सांग, सोलकढी त्यांच्या पिशवीत आहे.” “वैजयंती, मॅडमना सांग, मिळाली. आणि सांग, कढी चांगली झालीय.” “सरांना सांग, ती शेजारच्या काकूंनी दिलीय.”

केंद्राचे प्रमुख होते डॉक्टर धारगळकर. सज्जन माणूस. आयुष्यात त्यांनी एकही निर्णय घेतला नव्हता असं सगळे म्हणत आणि ते स्वतः त्याला विरोध करत नसत. हॉटेलात वेटरने काय घेणार विचारलं, तर ते म्हणत, “सगळे घेतील ते.” त्यांचा आवडता शब्द ‘बघू’, आणि दुसरा आवडता ‘वरून कळेल’.

प्रस्ताव पाठवायच्या आधी त्यांनी दोघांना खोलीत बोलावलं. मला टिपण घ्यायला बसवलं.

“म्हणजे मी काही सुचवत नाहीये,” धारगळकर पेपरवेटशी खेळत म्हणाले, “पण दोन्ही प्रयोग शेजारी-शेजारी आहेत, तर एकत्र असं काही...”

“माझा प्रस्ताव पूर्ण आहे,” मॅडम म्हणाल्या.

“माझाही,” सर भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले. “आणि त्यात पिसं नाहीत.”

“वैजू, लिहून घे. आमच्याकडे पिसं असली, तरी ती डोक्यात नाहीत.”

धारगळकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच लिहिलं नव्हतं.

“बघू,” ते म्हणाले. “दोन्ही पाठवू.”

दोन्ही प्रस्ताव गेले. भाद्रपदाच्या तोंडावर निधीची समिती पाहणीला येणार असं कळलं. समितीचे अध्यक्ष डॉक्टर होनप. वनस्पतीशास्त्रातलं मोठं नाव, स्वभावाने कडक. त्यांच्यासोबत निधीचे एक कार्यालयीन गृहस्थ येणार होते.

पाहणीचा दिवस उजाडला. पाऊस रात्रीच सरला होता. मॅडम मोरपंखी रंगाची नवी साडी नेसून आल्या, केसांत अबोलीचा वळेसर. सरांनी पांढरा शर्ट घातला होता आणि बुटांना पॉलिश केलं होतं. समिती विश्रामगृहात नाश्ता करत होती. ठरलं होतं असं, की धारगळकर त्यांना आधी कार्यालयात आणतील, चहा होईल, दोन्ही प्रस्तावांची ओळख करून देतील आणि मग शेतावर.

मी टेबलावर कप मांडत होते, तेवढ्यात शेतावरची शेवंती धावत आली. तिला धाप लागली होती.

“मॅडम! तुमची बदकां सरांच्या शेवाळात गेली!”

“काय?” दोघे एकदम म्हणाले. बऱ्याच महिन्यांत एकत्र उच्चारलेला तो त्यांचा पहिला शब्द.

“फाटक उघडा आसा. सगळी आत शिरली. खातत नुसती!”

सर निघाले ते पळतच. मागून मॅडम, मागून मी आणि शेवंती.

बांधावर पोचलो आणि मी जागीच उभी राहिले. काल संध्याकाळपर्यंत सरांचे वाफे म्हणजे हिरवा गालिचा होता, रोपांच्या ओळींमध्ये सुरकुतीही नसलेला. आता त्या गालिच्याला जागोजाग भोकं पडली होती आणि प्रत्येक भोकात एक बदक. चोची चपाचप चालल्या होत्या. इतकी आनंदी जनावरं मी त्याआधी पाहिली नव्हती. तो जाडा नर वाफ्याच्या मधोमध उभा राहून मान वर करून गिळत होता.

“हुश्श! हुश्श! हट्!” सर ओरडले. बदकांनी त्यांची दखल घेतली नाही. सरांनी पॉलिश केलेले बूट तसेच चिखलात घातले आणि आत उतरले. दोन पावलांत एक बूट चिखलाने ठेवून घेतला. ते एका बदकाकडे गेले, की बाकीची त्यांच्या मागच्या बाजूला जाऊन खायला लागत.

मी मॅडमकडे बघितलं. आता त्यांनी नुसतं बांधावर उभं राहायचं होतं. नवऱ्याचा प्रयोग समितीच्या डोळ्यांदेखत संपणार होता, त्यांची बदकं धडधाकट होती. निकाल त्यांच्या बाजूने आपोआप लागत होता. क्षणभर त्या उभ्याही राहिल्या.

मग त्यांनी पदर खोचला, चपला काढल्या आणि मोरपंखी साडीसकट चिखलात उडी घेतली.

“अहो, असं नाही! ती ओरडण्याला भीत नाहीत. उजवीकडून या!”

“माझ्या उजव्या की तुझ्या?”

“तुमच्या! नाही, माझ्या! हात पसरा, हात! बुजगावणं व्हा!”

सर बुजगावणं झाले. मॅडम डावीकडून ‘तिऽ तिऽ तिऽ’ करत यायला लागल्या. पाच-सहा बदकं फाटकाच्या दिशेने वळली. तेवढ्यात सरांचा पाय घसरला, ते खाली बसले आणि वळलेली बदकं परत पांगली.

“लागलं का हो?” मॅडम तशाच धडपडत त्यांच्याकडे गेल्या.

“मला काही नाही. तू त्यांना आवर. तो डावा कोपरा वाचव, तिथला अजून शाबूत आहे.”

“तोच वाचवतेय. उठा तुम्ही.”

मॅडमनी हात दिला, सरांनी धरला. दोघे नखशिखान्त चिखलाने माखलेले, मॅडमच्या केसांतली अबोली एका कानावर आलेली. त्या अवस्थेत दोघे उभे असतानाच बांधावरून आवाज आला.

“हे काय चाललं आहे?”

डॉक्टर होनप. छत्रीवर दोन्ही हात टेकवून उभे. शेजारी कार्यालयीन गृहस्थ आणि मागे धारगळकर, तोंडावर भाव असा, की आपण इथे नसतो तर किती बरं झालं असतं. चहासाठी कार्यालयात न थांबता ते समितीला थेट शेतावरच घेऊन आले होते. मला मनातून संताप आला. एक साधा क्रमसुद्धा या माणसाला पाळता येऊ नये!

बदकं तेवढी खात होती.

“हा प्रयोग कुणाचा?” होनपांनी विचारलं.

सरांनी तोंड उघडलं. मी डोळे मिटले. ते आता म्हणणार, की माझ्या प्रयोगाची वाट लावली, यांच्या बदकांनी. मग मॅडम म्हणणार, फाटकाची कडी यांच्या बाजूला आहे. आणि आमचं केंद्र खाडीत बुडणार.

त्यापूर्वी ते कार्यालयीन गृहस्थ मधाळ आवाजात म्हणाले, “हे डॉक्टर तिरोडकर. आणि या सौ. तिरोडकर, नाही का?”

मॅडमचा चेहरा चिखलाखालीसुद्धा बदललेला मला दिसला. त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

सरांनी चष्मा काढला. काचा पुसायला शर्टाचा कोरडा भाग शोधला, तो सापडला नाही, म्हणून तसाच परत घातला.

“डॉक्टर तिरोडकर या,” ते म्हणाले. “प्रयोग यांचा. मुख्य संशोधक याच. मी यांच्या हाताखाली आहे. आणि इथे सौ. कुणी असेलच, तर तो मी.”

शेवंतीने पदर तोंडात कोंबला. गृहस्थांनी खिशातून उगाच पेन काढलं. मॅडम हळूच मान वळवून सरांकडे बघायला लागल्या, जणू हा माणूस कुठल्या गावचा ते आठवत नाहीये.

होनप हसले नाहीत. ते बांधावरून आणखी पुढे आले. “मी दोन्ही प्रस्ताव वाचलेत. तुमच्यात लिहिलंय, अझोला दाट झाला की काढायला मजूर लागतात.”

सरांनी आजूबाजूला बघितलं. एक बदक त्यांच्या गुडघ्याशी अझोल्याचा लचका तोडत होतं.

“मजूर लागत नाहीत,” सर सावकाश म्हणाले. “हे बघताय ना. बदकं काढतात.”

“आणि तुमच्यात लिहिलंय,” होनप मॅडमकडे वळले, “बदकांना खाद्य परवडत नाही.”

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी मॅडमकडे. हे गणित खरंच त्यांना त्याच क्षणी सुटत होतं. मी दोघांचे चेहरे बघत होते, म्हणून शपथेवर सांगते.

“अझोला,” मॅडम म्हणाल्या.

“पण ही सगळा खाऊन संपवतील,” सर म्हणाले.

“रोज थोडा वेळ सोडायची,” मॅडम म्हणाल्या. आता त्यांचा आवाज वर्गातला झाला. “एका वाफ्यात आज, दुसऱ्यात उद्या. तोवर पहिला परत भरतो. अझोला फार लवकर वाढतो.”

“चार-पाच दिवसांत दुप्पट,” सर म्हणाले. “शिवाय यांची विष्ठा मिळाली की आणखी जोरात. स्फुरद मिळेल त्याला. त्याला स्फुरदाचीच हाव असते!” ते बोलता बोलता उत्साहात आले आणि एका बदकाकडे असं बघायला लागले, की इतके दिवस हे लपलं कुठे होतं.

“तण?” होनपांनी विचारलं.

“अझोल्याखाली उगवत नाही,” सर म्हणाले.

“उगवलं तर यांच्या पोटात,” मॅडम म्हणाल्या.

होनपांनी छत्रीचं टोक जाळीच्या कुंपणाकडे केलं. “मग मला सांगा, एका केंद्रातून दोन प्रस्ताव कशाला?”

इथे सगळं अडलं. मी धारगळकरांकडे बघितलं, ते आभाळात बघत होते.

“त्याचं असं आहे,” तिरोडकर सर म्हणाले, “फाटक बंद असलं की ते दोन प्रस्ताव आहेत. उघडलं की एकच.”

होनपांच्या मिशीखाली काहीतरी हललं. “दुपारी आम्ही निघायच्या आत मला तो एकच द्या,” ते म्हणाले. “आणि आधी आंघोळ करा.”

आंघोळी झाल्या. मग संगणकासमोर मी, माझ्या उजव्या खांद्यावरून सर, डाव्या खांद्यावरून मॅडम. दोन्ही फ्लॉप्या टेबलावर उघड्या. मला वाटलं होतं, आता सगळं गोडीगुलाबीत होईल. छे!

“शीर्षक लिही,” सर म्हणाले. “अझोला-भात-बदक पद्धती.”

“भात-बदक-अझोला,” मॅडम म्हणाल्या. “खाणारा आधी, खाद्य नंतर.”

“अगं, खाद्य आधी असल्याशिवाय खाणारा जगेल कसा?”

“भात मध्ये ठेवू का?” मी विचारलं.

“तू टाइप कर!” दोघे म्हणाले.

शेवटी मुलींच्या शेतीशाळेचं प्रकरण लिहिताना मात्र कुणी भांडलं नाही. दहावीनंतर घरी बसलेल्या मुलींना वाफ्यावर उभं करायचं, रोप, पाणी, पक्षी, किडे सगळं हातांनी शिकवायचं, ही मॅडमची कल्पना. मॅडम बोलत गेल्या आणि सर शेजारी खुर्ची ओढून ऐकत बसले. मध्येच म्हणाले, “हे तू मला कधी सांगितलं नाहीस.” मॅडम म्हणाल्या, “तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

पहिल्या पानावर संशोधकांची नावं आली. मी हात उचलून वाट बघत राहिले.

“एस. डी. तिरोडकर आधी,” सर मॅडमकडे बोट दाखवत म्हणाले. “अक्षरं जरा ठळक कर.”

गणपतीनंतर अनुदान मंजूर झाल्याचं कळलं. केंद्र वाचलं. माझं कंत्राट वाढलं. पुढच्या पावसाळ्यात शेतीशाळेच्या पहिल्या मुली आल्या आणि पहिल्याच दिवशी बदकांना बघून इतक्या खिदळल्या, की सरांना त्यांना बदकाच्या गांभीर्यावर व्याख्यान द्यावं लागलं.

पाहणीच्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी मला बाजूला घेतलं होतं. डोळ्यांत वेगळीच चमक.

“वैजू, ते फाटक आपोआप उघडणारं नाही. कडी इतकी घट्ट, की शेवंतीला दोन्ही हात लावावे लागतात. आणि आज पहाटे हे छत्री घेऊन बाहेर गेले होते. मला म्हणाले, फिरायला. हे? फिरायला?” त्या स्वतःशीच हसल्या. “माघार घेतो असं तोंडाने म्हणवेना, म्हणून फाटक उघडून आले. मी विचारणार नाही त्यांना. तूही विचारू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सरांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. “वैजयंती, तुला म्हणून सांगतो. फाटक हिने उघडलं. पहाटे दाणा टाकायला गेली होती ना. मी बोललो नाही, पण माझ्या लक्षात आलं. एवढ्या महिन्यांचा अबोला सोडायची तिची ती रीत. म्हणून तर मी चिखलात उभा राहून तसं बोललो. ही गोष्ट तिच्यापर्यंत जाता कामा नये.”

मी दोघांपुढेही मान डोलावली. फाटक नेमकं कुणी उघडलं, याचा मी खूप विचार केला. कधी मला सरांचं पटे, कधी मॅडमचं. शेवटी मी ठरवलं, की दोघांतल्या कुणीतरी उघडलं आणि ज्याने उघडलं तो खोटं बोलतोय. नवरा-बायकोच्या भांडणात आणखी खोलात शिरू नये.

काही वर्षांनी धारगळकर निवृत्त झाले. केंद्राच्या आवारात मांडव घातला. शेतीशाळेच्या मुलींनी स्वतः पिकवलेल्या तांदळाचा भात केला होता, सोबत बदकांच्या अंड्यांचं कालवण. भाषणं झाली. प्रत्येकाने धारगळकरांच्या ‘समंजस, सर्वांना सोबत घेणाऱ्या’ स्वभावाचं कौतुक केलं. मागच्या खुर्च्यांवर जरा कुजबूज झाली, तीही प्रेमाची.

जेवणं चालू असताना मी त्यांच्या शेजारी बसले. ते आग्रहाचा जिलेबीचा तुकडा पानात घोळवत होते.

“वैजयंती,” ते म्हणाले, “आज सगळे बोलले, की मी कधी कुणाला दुखावलं नाही. म्हणजे काय ते मला कळतं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी वरून लेखी आदेश आल्याशिवाय काही केलं नाही. एकदाच केलं.”

“कधी सर?”

त्यांनी इकडे-तिकडे बघितलं. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला तिरोडकर सर आणि मॅडम मुलींना काहीतरी समजावत होते, दोघेही एकाच वेळी बोलत.

“होनपांचा आदल्या दिवशी फोन आला होता. म्हणाले, येणार तर आहोत, पण एका केंद्राचे दोन प्रस्ताव आम्ही विचारात घेत नाही. दोन्ही बाद करू. मी म्हटलं, बघू.” ते थांबले. “यांना सांगितलं असतं तर दोघांनीही म्हटलं असतं, मग दुसऱ्याचा मागे घ्या. हो की नाही?”

“हो.”

“म्हणून पहाटे मी फिरायला गेलो.”

माझा घास हातातच राहिला.

“फार घट्ट होती गं कडी,” ते म्हणाले. “बोट चिरलं माझं. फाटक उघडलं तर बदकं जाईनात! उभी राहून माझ्याकडे बघतायत. माझ्यासारखीच, कुणाच्या तरी आदेशाची वाट बघत. मग मी त्या जाड्या नराला मागून ढकललं. तो गेला, तशी बाकीची गेली.”

“आणि समितीला चहा न देता थेट तिकडे...”

“चहा झाला असता तर तोवर सगळा अझोला संपला असता. अर्धा शिल्लक असतानाच दाखवणं भाग होतं.” हे ते इतक्या शांतपणे म्हणाले, की मी त्या माणसाकडे नव्याने बघायला लागले.

“पण सर, या दोघांना अजून वाटतं, की...”

“मला ठाऊक आहे काय वाटतं. दोघांनीही मला वेगवेगळं येऊन सांगितलंय.”

“मग मी त्यांना खरं सांगू?”

धारगळकरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी जिलेबी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. पूर्वीचे धारगळकर माझ्या डोळ्यांदेखत परत आले.

“ते तू बघ बाई,” ते म्हणाले. “मला विचारू नकोस.”

तेवढ्यात सर आणि मॅडम ताटं घेऊन आमच्याकडे आले. मॅडमनी सरांच्या ताटातली वाटी उचलून त्यातलं कालवण स्वतःच्या भातावर ओतलं. सरांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

“काय एवढं गुपचूप चाललंय?” मॅडमनी विचारलं.

“निवृत्तीनंतर काय करणार, ते विचारत होते सरांना,” मी म्हणाले.

“मग? काय ठरलं?” तिरोडकर सरांनी खुर्ची ओढली.

धारगळकरांनी माझ्याकडे बघितलं. मी भात कालवत होते.

“अजून काही ठरवलेलं नाही,” ते म्हणाले आणि जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला.